आई-वडिलांच्या उशाशी: अखेरच्या दिवसांत प्रार्थना कशी करावी

डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हटले की चर्चच्या मंडळीतली माणसे प्रार्थनेला येऊ लागतात. यावेत. पण घरच्यांनी सुरुवात वेदनेपासून करावी. अंगात कळा येत असताना आईला स्तोत्र ऐकू येत नाही, आणि तिचे कण्हणे ऐकत बसलेल्या मुलाला देव सुचत नाही. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (अखेरच्या आजारात काळजी घेणारे केंद्र) उभारणाऱ्या सिसिली साँडर्स श्रद्धावान ख्रिस्ती होत्या. शरीराचे, मनाचे, नात्यांचे आणि आत्म्याचे दुखणे एकमेकांत गुंतलेले असते, असे त्या सांगत. दुखणे उसळायची वाट न पाहता औषध ठरल्या वेळी द्यायचे, ही त्यांची शिस्त.

म्हणून वेदनाशामक गोळ्यांचे वेळापत्रक भिंतीवर लावा आणि दिलेल्या गोळीपुढे खूण करा. मॉर्फिन लिहून दिले असेल तर घाबरू नका. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ते माणसाला लवकर नेत नाही. शौच मात्र हमखास घट्ट होते, त्यामुळे पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या. हे राहिले की तीन-चार दिवसांनी पोट फुगते, रुग्ण बेचैन होतो आणि घरचे मॉर्फिनच बंद करून बसतात. कॅन्सर पुढच्या टप्प्यावर असेल आणि घरी निभावत नसेल, तर वांद्र्याचे शांती आवेदना सदन हे हॉस्पिस 1986 पासून हेच काम करते. गोव्यात लोटलीलाही त्यांचे केंद्र आहे. आई-वडिलांना तिथे ठेवणे म्हणजे जबाबदारी टाळणे नव्हे.

आता प्रार्थना. दिवसातून दोनदा, दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. सकाळी अंग पुसून झाल्यावर आणि रात्री दिवा मालवण्याआधी, शक्यतो गोळी दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने. टीव्ही बंद करा. उशाशी बसा, म्हणजे त्यांना मान वळवावी लागणार नाही. हात हातात घ्या, आपले नाव सांगा. मग एकच वचन किंवा एक छोटे स्तोत्र वाचा. बायबलमधले स्तोत्र 23 सहा वचनांचे आहे, 121 आठ वचनांचे. नेहमीच्या निम्म्या वेगाने वाचा आणि मिनिटभर गप्प राहा. शेवटी सगळ्यांनी मिळून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणा. कॅथलिक घरात पूर्ण रोझरी (माळेवरची प्रार्थना) झेपत नसेल तर एकच दशक, म्हणजे दहा मण्यांचा एक भाग, पुरे. त्यांच्या हातात माळ द्या, मणी तुम्ही सरकवा.

वाचायला त्यांचे स्वतःचे जुने बायबल घ्या. नवे भाषांतर कळायला सोपे असेल, पण पन्नास वर्षे पाठ असलेले शब्दच अर्धवट शुद्धीत ओठांवर येतात. गाण्यांचेही तसेच. चर्चमध्ये हल्ली गिटारवर म्हटली जाणारी गाणी बाजूला ठेवा आणि ओवी-अभंगाच्या चालीवरचे त्यांचे जुने भजन म्हणा, एकच कडवे. आवाज चांगला नसला तरी चालते.

इथे हटकून चुका होतात. कुणी अख्खा अध्याय वाचतो. कुणी इतकी लांब प्रार्थना करतो की रुग्णाला ग्लानी येते. आणि एक खास घरगुती प्रकार असतो: "हे प्रभू, आमच्या भावाला सद्बुद्धी दे," असे डोळे मिटून भावालाच सुनावणे. भावाशी जे बोलायचे ते अंगणात बोला.

तुमचा स्वतःचा विश्वास डळमळला असेल तर तो आधी परत येऊ दे, मग प्रार्थना करू, असे ठरवू नका. वाट बघता बघता दिवस संपतात. मार्क 9:24 मधला, आजारी मुलाला येशूकडे आणणारा बाप आपला विश्वास आहे म्हणतो आणि त्याच दमात आपल्या अविश्वासावर मदतही मागतो. तेवढे म्हणता आले तरी पुष्कळ. संताप असेल तर स्वयंपाकघरात एकट्याने स्तोत्र 88 मोठ्याने वाचा. ते अंधारातच संपते, त्याला दिलाशाची शेपटी जोडलेली नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. पकडले जाण्याआधी गेथशेमानेच्या बागेत येशूनेही आधी दुःखाचा हा प्याला टळावा अशीच विनंती केली. बरे होण्यासाठी प्रार्थना करणे आणि निरोपाची तयारी करणे, दोन्ही एकाच दिवशी करता येते.

विश्वासातला आनंद म्हणजे हसरा चेहरा ठेवणे नव्हे. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला (योहान 11:35), आणि फिलिप्पैकरांस लिहिलेले आनंदाचे पत्र पौलाने कैदेतून लिहिले. तेव्हा रडू आवरत बसू नका. आनंदासाठी जागा मात्र करून ठेवता येते. बोलणे चालू आहे तोवर तीन गोष्टी विचारून घ्या: प्रार्थना करायला तुम्हाला कुणी शिकवले, आवडते वचन कोणते, आणि कठीण काळात देवाने कसे निभावून नेले. उत्तर फोनवर रेकॉर्ड करा, पण विचारून. मग त्यांच्यापुढे डोके टेकवा आणि आशीर्वाद मागा. अंथरुणावर पडून सगळ्यांची सेवा घेणाऱ्या माणसाला त्या दिवशी काहीतरी देता येते. ते मागितल्याशिवाय बहुतेकदा मिळत नाही. क्षमेचे बोलणेही याच दिवसांत उरका, नेमक्या शब्दांत: "त्या वेळी मी बोललो नाही, चुकलो." "काही चुकलं असेल तर" या वाक्याने काहीच मोकळे होत नाही.

"तुमचा विश्वास कमी पडतोय, म्हणून गुण येत नाही," असे म्हणणारा पाहुणा येतोच. त्याला चहा द्या आणि बाहेरच्या खोलीत बसवा. जन्मांध माणसाचे आंधळेपण कुणाच्या पापामुळे आले हा प्रश्न येशूने योहान 9:3 मध्ये झिडकारला आहे. औषध बंद करायला सांगणाऱ्याला तर उशाजवळ जाऊच देऊ नका.

फादरांना किंवा पाळकसाहेबांना शुद्ध हरपल्यावर नव्हे, आधी बोलवा. तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावणे, हा मरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला संस्कार नाही. गंभीर आजारात तो घेता येतो आणि प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हाही देता येतो. मृत्यूनंतर मात्र देता येत नाही. अखेरच्या ख्रिस्तप्रसादाला (पवित्र भाकरीला) लॅटिनमध्ये 'व्हियातिकुम' म्हणतात, म्हणजे प्रवासाची शिदोरी. गिळायला त्रास असेल तर तसे आधी सांगा, अगदी छोटा तुकडा पुरतो. प्रोटेस्टंट घरात प्रभुभोजन घरी देता येते, आणि याकोब 5:14 प्रमाणे मंडळीचे वडीलजन तेल लावून प्रार्थना करतात.

आई-वडील ख्रिस्ती नसतील आणि तुम्ही एकटेच विश्वासात असाल, तर मनातल्या मनात प्रार्थना करा. मोठ्याने करायची असेल तर "आई, तुझ्यासाठी प्रार्थना करू का?" असे विचारा आणि नाही म्हटले तर थांबा. शुद्धीत नसलेल्या माणसाला गुपचूप बाप्तिस्मा देऊ नका. भावंडांनी तोंडात तुळशीचे पाणी घातले तर भांडू नका, फक्त ठसका लागणार नाही एवढे पाहा.

शेवटच्या दोन-चार दिवसांत खाणे-पिणे सुटते. भरवू नका, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. दर तासा-दोन तासांनी ओल्या कापसाने तोंड पुसा. घशात घरघर सुरू झाली तर कुशीवर वळवा. ती ऐकणाऱ्याला जितकी भयंकर वाटते तितका रुग्णाला तिचा त्रास होत नसतो. श्वास मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. ऐकू येत असण्याची शक्यता असते, म्हणून मयताच्या खर्चाची चर्चा त्या खोलीत नको. आता लांब काही वाचू नका. स्तोत्र 31:5 मधली, येशूने वधस्तंभावर उच्चारलेली ओळ पुरे: आत्मा तुझ्या हाती सोपवतो. ती कानाशी हळू म्हणा, दर थोड्या वेळाने.

श्वास थांबल्यावर लगेच फोन हातात घेऊ नका. "आता शांतीने जाऊ दे" म्हणणारे शिमोनाचे गीत (लूक 2:29-32) वाचा, डोळे मिटवा, थोडा वेळ बसा. मग डॉक्टरांना बोलवून मृत्यूचा दाखला घ्या. दफनाच्या वेळी तो लागतोच. बाप्तिस्म्याचा दाखला आणि कुटुंबाच्या कबरीची पावतीही आधीच शोधून एका पिशवीत ठेवलेली बरी. आणि रात्रीच्या प्रार्थनेची वेळ दुसऱ्या दिवशीही तीच ठेवा, त्याच खोलीत, खाट रिकामी असली तरी.