विशेष गरजा असलेल्या लहान मुलांसोबत काम करताना या चुका टाळा

विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे सर्वांत जास्त नुकसान मोठ्यांच्या घाईने होते, असे माझे इतक्या वर्षांच्या कामानंतर ठाम मत झाले आहे. सूचना दिल्यावर मूल हलले नाही, की आपण तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत आणि चढ्या आवाजात पुन्हा सांगतो. ज्या मुलाला ऐकलेल्याचा अर्थ लावायला वेळ लागतो, त्याच्यासाठी ही दुसरी सूचना नवीनच असते, आणि पहिलीचा उलगडा होत असतानाच ती येऊन आदळल्यामुळे त्याला पुन्हा मुळापासून सुरुवात करावी लागते. ‘बूट कपाटात ठेव’ एवढेच म्हणून मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे. एका चार वर्षांच्या मुलाची नजर सहाव्या आकड्याला बुटांकडे वळताना आणि आठव्याला हात पुढे येताना मी पाहिला आहे. त्याआधी कित्येक दिवस मी पाचच्या आत बोलत होते आणि वहीत ‘ऐकत नाही’ असे लिहीत होते. ती नोंद चुकीची होती. दहा आकडे संपूनही काही घडले नाही, तर शब्द न बदलता तीच सूचना द्यावी आणि सोबत बुटांकडे बोट दाखवावे.

याच घाईतून मुलाचा हात धरून काम उरकून घेण्याची सवय लागते. मग मूल हात पुढे करून आपलीच वाट पाहत बसते. त्याऐवजी पायमोजा टाचेच्या वरपर्यंत आपण चढवावा आणि वर ओढण्याचे शेवटचे काम त्याला द्यावे. ते जमले की टाचेपासूनचे काम त्याच्याकडे सोपवावे. शेवटची पायरी आधी शिकवल्याने काम पूर्ण केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याच्या वाट्याला येतो.

प्रत्येक आरडाओरड्याला हट्ट म्हणणे ही दुसरी मोठी चूक. हट्टामागे काहीतरी हवे असते आणि ते मिळाले की तो सहसा थांबतो; गोंगाट, प्रखर उजेड किंवा नकोसा स्पर्श असह्य झाल्याने कोसळलेल्या मुलाला मात्र समजावण्याचे शब्दही जड होतात. अशा वेळी बोलणे थांबवून, आवाज व उजेड कमी करून जवळ शांत बसून राहावे. एखादे वर्तन वारंवार होत असेल, तर आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले किंवा काय टळले, हे आठवडाभर लिहून ठेवावे. मणी फेकल्यावर मुलाला दरवेळी वर्गाबाहेर बसवले जात असेल आणि मणी ओवणे त्याला अवघड जात असेल, तर ती शिक्षाच त्याची सुटका ठरते.

‘माझ्याकडे बघ’ असा आग्रह धरू नये. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी अनेकांना नजरेला नजर देत ऐकणे कठीण जाते. हवे ते सांगण्यासाठी चित्रकार्डे दाखवण्याची सवय लागल्यास मूल बोलणार नाही, ही पालकांना फार सतावणारी भीतीही निराधार आहे, कारण व्यक्त होण्याचा मार्ग मिळाल्याने बोलणे अडत नाही.

बोलणे उशिरा येत असेल, तर श्रवणचाचणी मात्र पुढे ढकलू नये. कानाच्या पडद्यामागे पाणी साचले असल्यास ऐकू येणे कमी-जास्त होत राहते, आणि काल हाकेला वळलेले मूल आज वळले नाही की आपण त्याला दुर्लक्ष करणारे ठरवून मोकळे होतो.