थार-जिम्नीत आरसा डॅशकॅम बसवताना: सुरुवात मागच्या दारापासून

थार, जिम्नी आणि गुरखा या तिन्ही गाड्यांची स्टेपनी मागच्या दारावर असते. दिसायला ती रुबाबदार असली, तरी मधल्या आरशात पाहिलं की मागच्या काचेचा खालचा भाग तिनेच अडवलेला असतो. उरलेल्या काचेसमोर तंबू, बॅगा आणि रिकव्हरीचं सामान. ताम्हिणी किंवा वरंध घाटात पावसाळी धुक्यात मागून चिकटून येणारी दुचाकी अशा आरशात दिसतच नाही. आरसा डॅशकॅम म्हणजे मधल्या आरशाच्या जागी किंवा त्याच्यावर बसणारा स्क्रीन: मागच्या कॅमेऱ्याचं चित्र त्यावर सतत दिसतं आणि पुढचं-मागचं चित्रीकरणही होतं. म्हणून या गाड्यांमध्ये तो चैन नाही. अपघाताचं चित्रीकरण हा त्याचा दुय्यम फायदा आहे, हरवलेली मागची नजर परत मिळणं हा पहिला.

हे पटलं की कामाचा क्रमही बदलतो. बहुतेक जण डबा उघडला की आधी आरसा लावतात, मग वायर ओढत मागे जातात आणि कॅमेरा जिथे वायर पुरेल तिथे चिकटवतात. या कामात खरा कस लागतो तो मागच्या कॅमेऱ्याची जागा ठरवताना आणि दाराच्या सांध्यातून वायर काढताना. आरसा शेवटी बसवायचा.

उदाहरणासाठी नाशिकच्या कारखान्यात बनणारी तीन दारांची २०२० नंतरची थार धरली आहे. जिम्नी आणि पाच दारांच्या थार रॉक्समध्ये जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

विकत घेण्याआधी पुठ्ठा कापा

बाजारात १० ते १२ इंचांचे आरसे सर्रास मिळतात. थारची पुढची काच उभी आणि बुटकी असल्यामुळे मोठा आरसा सन व्हायझरला आडवा येऊ शकतो. मॉडेलच्या मापाचा पुठ्ठा कापून मूळ आरशावर टेपने लावा, दोन्ही व्हायझर पूर्ण खाली-वर करून पाहा आणि नेहमीच्या सीटवर बसून पुढचा रस्ता किती झाकला जातो ते बघा. वळणाच्या चढावर डावीकडचा कडा दिसायला हवा. १२ इंची आरसा त्याच्या आड येत असेल तर १० इंचीच घ्या.

आणखी तीन गोष्टी बघून घ्या. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे आरसा उजवीकडे तिरका राहतो. पुढचा कॅमेरा आरशातच असेल तर त्याची लेन्स आडवी फिरायला हवी, नाहीतर चित्रात रस्त्यापेक्षा कडेचं रानच जास्त येईल. पुढचा कॅमेरा सुटा असलेलं मॉडेल मिळालं तर सर्वांत सोयीचं. मागचा कॅमेरा आयपी६७ दर्जाचा, म्हणजे धूळ आणि पाणी दोन्ही झेलणारा असावा. तिसरी गोष्ट वायरची लांबी. तीन दारांच्या थारची लांबी ३,९८५ मिलिमीटर आहे, तिथे ६ मीटरची वायर छताकडून नेली तर साधारण पुरते. रॉक्स ४,४२८ मिलिमीटर लांब आहे, तिच्यासाठी लांब वायर आधीच मागवून ठेवा. मधे जोड देऊन वायर वाढवू नका, दणक्यांनी पहिला सुटतो तो जोडच.

रॉक्सच्या वरच्या व्हेरियंटमध्ये पुढच्या काचेवर ॲडासचा, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा, कॅमेरा असतो. त्याच्यासमोर आरसा, वायर किंवा जीपीएसचा तुकडा, काहीच येता कामा नये.

गाडीत काही उघडण्याआधी टेबलावर चालवून बघा

आरसा, मागचा कॅमेरा, जीपीएस आणि मेमरी कार्ड जोडून घरातच चार्जरवर अर्धा तास चालू ठेवा. दोन्ही कॅमेऱ्यांचं चित्र येतं का, फाइल साठते का आणि आरसा किती तापतो ते पाहा. छताचं अस्तर सोडवून झाल्यावर वायर मेलेली निघाली तर पूर्ण दिवस जातो.

अवजारं फार लागत नाहीत. प्लास्टिकचे ट्रिम टूल, मल्टिमीटर, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून जादा वीज काढून देणारा जोड), केबल टाय, टॉर्च, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि वायरिंगला गुंडाळायची कापडी टेप. साधी पीव्हीसी टेप वापरू नका. उन्हात उभ्या गाडीत तिचा गोंद पाघळतो, टेप सुटते आणि वायर पत्र्यावर खडखडू लागते.

मागचा कॅमेरा कुठे?

चौकोनी गाडी चालताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धुरळा तिकडेच ओढला जातो. कोकणातल्या लाल मातीच्या रस्त्यावर दहा मिनिटांत मागची काच कशी होते, ते या गाड्या चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जागा निवडताना हे डोक्यात असू द्या.

काचेच्या आतून, वरच्या कडेला कॅमेरा लावणं सर्वांत सोपं. पाणी लागत नाही, वायरही लपते. पण काच माखली की कॅमेरा आंधळा. मागचा वायपर असेल, जसा जिम्नीला आहे, तर वायपर जिथवर पुसतो त्या भागात लेन्स आणता येते आणि मग ही जागा उत्तम. काचेला गडद फिल्म असेल तर रात्री काही दिसणार नाही.

नंबर प्लेटजवळ खाली लावला तर रिव्हर्स घेताना दगड छान दिसतात, पण चिखल थेट लेन्सवर उडतो आणि रात्री मागच्या गाडीचे दिवे सरळ कॅमेऱ्यात शिरतात. आरसा म्हणून सतत बघायला हे चित्र थकवणारं असतं.

हार्ड टॉप, म्हणजे पक्क्या छताच्या थारला माझी पसंती बाहेरून, काचेच्या वरच्या कडेला. चित्राच्या तळाशी स्टेपनीचा वरचा काठ जेमतेम दिसावा इतका कोन ठेवा. तो काठ दिसत राहिला की मागची गाडी किती जवळ आहे याचा अंदाज घेता येतो. पाण्याचा फवारा मारून लेन्स धुताही येते. सॉफ्ट टॉपला, म्हणजे कापडी छताच्या थारला, मात्र छताच्या कापडावर किंवा सांगाड्यावर काहीही लावू नका. स्टेपनीच्या स्टँडला पत्र्याची छोटी पट्टी बोल्टने कसून तिच्यावर कॅमेरा बसवा, लेन्स टायरच्या वर डोकावेल एवढ्या उंचीवर.

छताला भोक पाडायचं नाही. जागा अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या, जाड फोमची दुहेरी चिकटपट्टी लावून अर्धा मिनिट घट्ट दाबा. २४ तास पाणी लागू देऊ नका. पक्कं चिकटवण्याआधी साध्या टेपने कॅमेरा तात्पुरता लावून चित्र बघून घ्या, आणि एकाला गाडीच्या मागे डाव्या बाजूला उभं करा. स्क्रीनवर तो डावीकडेच दिसला पाहिजे. उजवीकडे दिसला तर सेटिंगमध्ये चित्र उलटवा. लेन बदलताना डावं-उजवं चुकणं जिवावर बेतेल.

दाराचा सांधा

मागचं दार आणि बॉडी यांच्यामध्ये रबरी नळी असते, गाडीची मूळ वायरिंग तिच्यातूनच जाते. कॅमेरा दारावर किंवा स्टेपनीच्या स्टँडवर असेल तर आपली वायरही तिथूनच न्यायची. दाराच्या फटीतून वायर नेली तर काही महिन्यांत ती चेचते आणि रबरी बीडिंग तिथे उचललं गेल्यामुळे पावसाचं पाणी आत येतं.

नळीचं एक टोक हलक्या हाताने सोडवा. इलेक्ट्रिशियन पाइपात वायर ओढायला वापरतात तशी बारीक लवचीक तार आत सारा. कॅमेऱ्याच्या वायरची पिन तिला टेपने निमुळती बांधा, साबणाचं पाणी लावा आणि सावकाश ओढा. पिन अडली तर जोर लावू नका, मागे घेऊन थोडी फिरवा. वायर निघाली की दार पूर्ण उघडून बघा. त्या स्थितीतही वायर सैल राहिली पाहिजे. मग दार लावून बघा, वळी कुठे चिमटत नाही ना. छताकडच्या कॅमेऱ्यासाठी काच उघड-बंद करून हीच परीक्षा घ्या.

बाहेरून आत शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या. पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकतं, वायरवरून आत चालत येत नाही. कॅमेऱ्याचा जोड कितीही वॉटरप्रूफ म्हणून विकलेला असो, तो गाडीच्या आतच ठेवा.

मागून पुढे

हार्ड टॉपमध्ये वायर रोल केजच्या (आतल्या लोखंडी सांगाड्याच्या) कडेने, छताजवळून पुढे आणा. थारच्या काही व्हेरियंटमध्ये स्पीकर छताकडे आहेत, त्यांच्या वायरिंगलाच दर वीतभर अंतरावर कापडी टेपने बांधत आलात की काम नेटकं होतं. सॉफ्ट टॉपमध्ये वायर खालून, दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून न्यावी लागते. काही थार आतून धुण्यासाठीच बनवल्या आहेत, फरशीला पाणी सोडायची बुचं आहेत. म्हणून जमिनीलगत एकही जोड नको.

जिम्नी आणि रॉक्सला सहा एअरबॅग आहेत. त्यातल्या पडदा एअरबॅग छताच्या कडेला घडी करून बसवलेल्या असतात. वायर त्या घडीच्या मागून जायला हवी, समोरून कधीच नाही. समोर असलेली वायर एअरबॅगला अडवते किंवा तिच्यासोबत प्रवाशाच्या तोंडावर येते. घडी नक्की कुठे आहे हे ओळखता येत नसेल तर छताचा नाद सोडा आणि उंबऱ्याखालून जा. पुढच्या खांबाचं कव्हर काढावं लागत असेल तर ते काम अनुभवी वायरमनकडे द्या.

रिव्हर्सची तार, बहुधा लाल, मागच्या कॅमेऱ्याच्या वायरमधूनच निघते. ती रिव्हर्स लाइटच्या पॉझिटिव्हला जोडली की गिअर टाकताच पार्किंगच्या रेषा येतात. कंपनीचा रिव्हर्स कॅमेरा आधीच असेल तर ही तार टेप लावून मोकळी सोडा. वायरिंगला एक छेद कमी, वॉरंटीचा एक वाद कमी.

वीज

सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये प्लग खुपसून काम भागतं, पण दणक्यांनी प्लग उडतो. हार्डवायर किट घ्या, ते १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करतं. त्याला तीन तारा असतात. एक कायम विजेची, एक चावी फिरवल्यावर येणाऱ्या विजेची आणि एक अर्थची. रंगांवर विसंबू नका, किटचा कागद वाचा.

मालकाच्या पुस्तिकेत फ्यूज बॉक्सचा नकाशा असतो. सॉकेटसारख्या बिनमहत्त्वाच्या गोष्टीचा फ्यूज निवडा. एअरबॅग, एबीएस, इंजिन कंट्रोल आणि हेडलाइट यांच्या फ्यूजना हात लावायचा नाही. चावी बंद असताना मल्टिमीटरवर शून्य आणि चालू केल्यावर १२ च्या आसपास व्होल्ट दिसले की चावीची जागा सापडली. फ्यूज टॅप मूळ फ्यूजच्याच मापाचा हवा, मिनी आणि मायक्रो एकमेकांत बसत नाहीत. टॅपमध्ये मूळ फ्यूज एका घरात आणि कॅमेऱ्याचा २ किंवा ३ अँपिअरचा दुसऱ्या घरात. टॅपला दिशा असते. दोन्ही फ्यूजना सामाईक असलेला पाय वीज येणाऱ्या बाजूला गेला पाहिजे, नाहीतर दोन्हींचा भार मूळ फ्यूजवर पडतो. अर्थ बॉडीच्या बोल्टला, रंग नसलेल्या उघड्या धातूवर.

आता पार्किंग मोडचं, म्हणजे उभ्या गाडीतही कॅमेरा चालू ठेवण्याचं, गणित. कॅमेरा ०.३ अँपिअर घेत असेल तर २४ तासांत ७.२ अँपिअर-तास जातात. राजगडासाठी गुंजवण्याला गाडी लावून दोन दिवस वर राहिलात तर साडेचौदाच्या आसपास. निरोगी ६० अँपिअर-तासांची बॅटरी हे झेलेल, पण जुनी बॅटरी, विंच आणि जोडीला फ्रिज असेल तर सकाळी सेल्फ मारणार नाही. किटवर कट-ऑफ असतो, बॅटरी त्या व्होल्टपर्यंत उतरली की तो कॅमेरा बंद करतो. तो १२ व्होल्टच्या खाली ठेवू नका. गडावर जाताना पार्किंग मोड बंद करणं अधिक बरं. तिथे धक्का द्यायला कोणी नसतं.

किटचा डबा वॉकी-टॉकीच्या अँटेनापासून दूर बांधा. हलक्या कन्व्हर्टरमुळे सेटवर आणि एफएमवर खरखर येते.

आता आरसा

रबरी पट्ट्यांनी मूळ आरशावर चढवायचा प्रकार स्वस्त आहे आणि डांबरी रस्त्यावर चालतोही. ट्रेलवर मात्र वाढलेल्या वजनाने मूळ आरशाचा गोळा हळूहळू झुकतो, चित्र थरथरतं आणि उन्हाने पट्ट्यांना चिरा पडतात. शक्य असेल तर मूळ आरसा काढून त्याच दांड्याच्या जागी बसणारा आरसा घ्या. काचेवरच्या धातूच्या बटणाचा आकार गाडीगणिक वेगळा असतो, मॉडेल त्यानुसार मागवा आणि बटण उचकटू नका, काच तडकते. पट्ट्यांचाच घ्यायचा असेल तर दोन्ही आरशांमध्ये पातळ रबराची पट्टी घाला आणि पट्ट्यांचा एक जादा जोड गाडीत ठेवा.

काचेच्या आरशात आपण दूरचं पाहतो, स्क्रीनवर नजर हाताच्या अंतरावर आणावी लागते. चाळिशीचा चष्मा असलेल्यांना हा बदल जाणवतो, काहींचं डोकंही दुखतं. आठवडाभर ओळखीच्या रस्त्यावर सवय करा. घाट नंतर.

ट्रेलसाठी सेटिंग

सर्वांत महत्त्वाचं जी-सेन्सर. धक्का बसला की तो ती फाइल कुलूपबंद करतो, म्हणजे ती पुसली जात नाही. खडकाळ वाटेवर प्रत्येक दणका त्याला अपघात वाटतो. तासाभरात कार्ड कुलूपबंद फाइलींनी भरतं आणि परतीच्या हायवेवर, जिथे चित्रीकरण खरंच हवं, तिथे जागाच उरत नाही. ट्रेल सुरू होण्याआधी जी-सेन्सर बंद करा, डांबर लागलं की पुन्हा चालू.

कार्ड हाय एन्ड्युरन्स प्रकारचं, ६४ किंवा १२८ जीबीचं घ्या. साधं कार्ड सततच्या लिहिण्या-पुसण्याने लवकर मरतं. वेळ भारतीय ठेवा, जीएमटीच्या साडेपाच तास पुढे. फाइल एक किंवा तीन मिनिटांच्या. रात्रीसाठी स्क्रीनची चमक कमी करा.

अपघात झालाच तर आधी वीज बंद करून कार्ड काढा, नाहीतर जुनी फाइल पुसून नवी चढेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यामुळे मूळ फाइल कापू नका, नाव बदलू नका, व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीवर विसंबू नका. मूळ कार्ड तसंच जपून वकिलाला विचारा.

पहिल्या खडतर ट्रेलनंतर गाडी थंड झाली की आरशाचा स्क्रू, मागच्या कॅमेऱ्याची चिकटपट्टी आणि दाराची रबरी नळी हाताने तपासा. नळीच्या टोकाशी बोट फिरवा. ओल लागली तर रबर खाचेत नीट बसलेलं नाही, ते त्याच दिवशी दाबून बसवा.