‘यस सर’ जरा जपून! मोडक्या इंग्रजीवर आखातात काम शोधताना या चुका टाळा

आधी माझीच फजिती सांगतो. शारजातल्या एका साइटवर मी पाइप वेल्डर म्हणून लागलो होतो, जेमतेम तीन आठवडे झाले होते. सकाळी सेफ्टी ऑफिसर आला आणि म्हणाला, “यू डोन्ट हॅव हॉट वर्क परमिट टुडे?” (हॉट वर्क परमिट म्हणजे आगीच्या, ठिणग्यांच्या कामाची लेखी परवानगी.) मी म्हटलं, “यस सर.” मनात चोख मराठी उत्तर होतं: हो साहेब, नाहीये. त्याने ऐकलं ‘आहे’. तो मान डोलावून पुढे गेला. शेजारचा फोरमन म्हणाला, “साहब देख के गये ना? चालू करो.” मी होल्डर उचलला. दुपारी परमिट नसताना वेल्डिंग केल्याची लेखी वॉर्निंग माझ्या नावावर लागली.

घरी आई विचारते, “जेवला नाहीस ना अजून?” आपण म्हणतो, “हो, नाही जेवलो.” मराठीत यात काही चूक नाही. इंग्रजीत मात्र अशा नकारार्थी प्रश्नाला नुसतं ‘यस’ म्हटलं की अर्थ उलटतो. हे नियम डोक्यात बसवत बसू नका. यस किंवा नो यातलं काहीच न म्हणता वस्तुस्थिती सांगा: “परमिट नॉट हिअर, सर.” व्याकरण गेलं खड्ड्यात, निरोप पोचला.

औंधच्या आयटीआयमधून वेल्डरचा ट्रेड, मग सहा वर्षं भोसरी एमआयडीसी, मग नऊ वर्षं आखात. आता परत भोसरीतच आहे. रविवारी शॉपवर पोरं येतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: “दादा, इंग्लिश येत नाही, जमेल का?” जमतं. इंग्रजी कमी म्हणून परत पाठवलेला माणूस मला आठवत नाही. इंग्रजी येतं असं दाखवायला जाऊन अडकलेले मात्र दहाएक आठवतात.

दुसऱ्याच्या इंग्रजीतला बायोडेटा

झेरॉक्सच्या दुकानात पन्नास-शंभर रुपयांत बायोडेटा मिळतो. वर करिअर ऑब्जेक्टिव्ह, त्यात तीन ओळींचं एकच वाक्य, खाली वडिलांचं नाव, धर्म, छंद ‘क्रिकेट’, आणि शेवटी ‘आय हिअरबाय डिक्लेअर’. इंटरव्ह्यू घेणारा त्यातलंच एक वाक्य वाचून विचारतो, “म्हणजे काय करतोस रे?” आणि पोरगा खाली बघतो. आपल्याला मोठ्याने वाचता येत नाही असं एकही वाक्य कागदावर नको.

वेल्डरचा कागद एका पानात संपतो. कोणती प्रोसेस (आर्गन, आर्क, को-टू), कोणत्या पोझिशनला, पाइप किती इंची, जाडी किती, मटेरिअल एमएस (साधं स्टील) की एसएस (स्टेनलेस), कोणत्या कामावर किती वर्षं. सिक्स-जी टेस्ट दिली असेल तर ती सगळ्यात वर. पाइप ४५ अंशांत पक्का बांधलेला, तो न फिरवता आपण त्याच्याभोवती फिरायचं, हे ज्याला जमतं त्याच्या इंग्रजीकडे टेस्ट घेणारा पुष्कळ काणाडोळा करतो. आणि भाषांच्या रकान्यात इंग्रजीपुढे ‘बेसिक’ लिहा. एकदा लिहिलं की समोरचा आपोआप सावकाश बोलतो. माझ्या बायोडेटात ‘फ्लुएंट’ होतं. दुकानदाराची कृपा.

सहा महिने टेन्स

स्पोकन इंग्लिशच्या क्लासला माझा विरोध नाही, पण तिथे ‘आय हॅव बीन गोइंग’ घोकून साइटवर काही उपयोग झालेला पाहिला नाही. आपल्या कामाचे दीडशे शब्द आधी पक्के करा, आणि त्यातले निम्मे तुम्हाला आत्ताच येतात. अंडरकट, पोरोसिटी, क्रॅक, ग्राइंडिंग, प्रीहीट, टॅक, रूट, गॅप, हे भोसरीतला हेल्परही बोलतो. फक्त ते कागदावर ओळखता येत नाहीत. म्हणून शॉपमधलं जुनं ड्रॉइंग आणि वेल्डिंग प्रोसिजरचा कागद घ्या, रोज एक रकाना वाचा. पुढे साइटवर परमिटचा फॉर्मही असाच वाचता येतो, आणि हेल्परचा वेल्डर, वेल्डरचा चार्जहँड (टोळीचा मुकादम) होण्याचं दार तिथेच असतं.

आकड्यांची वेगळी तयारी करा. थर्टीन-थर्टी, फिफ्टीन-फिफ्टी यांत नवा माणूस हमखास गडबडतो, आणि पन्नासच्या जागी पंधरा एमएम कापलेला पाइप परत जोडून कोणी शाबासकी देत नाही. खडूने प्लेटवर आकडा लिहायचा आणि बोट ठेवून विचारायचं, “धिस, सर?” यात लाज कसली?

न समजलेल्या कागदावर सही

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच पैसा जातो.

यूएईमध्ये नोकरीची ऑफर आणि करार अरबी, इंग्रजी आणि कामगाराला समजणाऱ्या तिसऱ्या भाषेत देण्याची सोय आहे. त्या भाषांमध्ये हिंदी आहे. मराठी नाही, पण हिंदी आपल्याला पुरते. तरी आपली पोरं इंग्रजी कागदावर भराभर सह्या करतात, कारण ‘हिंदी में दीजिए’ म्हटलं तर अडाणी समजतील ही भीती. मागा. साध्या आवाजात मागा.

मग कागदात काय बघायचं? सगळे एकूण आकडा बघतात. तुम्ही ‘बेसिक’ हा शब्द शोधा. समजा १,५०० दिरहम सांगितले आणि त्यात बेसिक ८००, बाकी अलाउन्स. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात: पहिल्या पाच वर्षांपर्यंत दर वर्षामागे २१ दिवसांचं बेसिक. म्हणजे ८०० बेसिकवाल्याला वर्षाचे साधारण ५६० दिरहम, आणि पूर्ण १,५०० बेसिक असलेल्याला १,०५०. पाच वर्षांत फरक किती होतो ते तुम्हीच काढा. ओव्हरटाइमचा दरही बेसिकवरच. दोघं एकाच खोलीत राहतात, एकच काम करतात, आणि घरी जाताना एकाच्या हातात जवळजवळ निम्मे पैसे असतात.

दुसरा शब्द ‘प्रोबेशन’, म्हणजे चाचणीचा काळ. तिथल्या कायद्याने तो जास्तीत जास्त सहा महिने असू शकतो. या काळात काम सोडून देशाबाहेर जायचं तर १४ दिवसांची लेखी नोटीस लागते. रागाच्या भरात ‘खल्लीवल्ली’ (गेलं उडत) म्हणून बॅग भरणारे इथे घोळ घालून ठेवतात. आणि पासपोर्ट कंपनीने स्वतःकडे ठेवून घेणं तिथे बेकायदा आहे. “सेफ्टी के लिए” म्हणून मागितला तरी.

इथे मिळालेल्या ऑफरचे फोटो घरी कुणाकडे तरी ठेवून जा. तिथे गेल्यावर पुढे आलेला करार त्याच्याशी आकड्यागणिक ताडून बघा. आकडे बघायला इंग्रजी लागत नाही.

एजंटपुढे गप्प बसणं

चहाच्या टपरीवर भेटणारा एजंट मराठीत गोड बोलतो, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. सगळा धोका त्या गोडव्यात. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. त्याचा नंबर मागा आणि ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. पोर्टल इंग्रजीत वाचवत नसेल तर भाचीला बसवा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० पर्यंत घेता येतं, तेही पावतीवर. यूएईच्या कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो. मग दीड लाख कशाचे, हा प्रश्न तर शुद्ध मराठीत विचारता येतो ना?

“आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिथे कन्व्हर्ट करू” हे ऐकलं की उठा. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे. शिवाय अशा माणसाकडे करार नसतो आणि तक्रार करायला तोंड नसतं.

आता पासपोर्टचं. मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात जाताना दहावीचं सर्टिफिकेट न्यायला बरेच विसरतात. दहावी पास असेल तर पासपोर्टवर ईसीआरचा (परदेशी नोकरीला जाताना सरकारी तपासणी लागेल असा) शिक्का येत नाही. वेल्डरच्या ट्रेडला आठवी पासवरही प्रवेश मिळतो, त्यामुळे आपल्यातल्या अनेकांचा पासपोर्ट ईसीआरच असतो. मग यूएई, सौदी, कतार, कुवेत, ओमान धरून १८ देशांत नोकरीला जायला आधी एमिग्रेशन क्लिअरन्स (देशाबाहेर नोकरीला जायची सरकारी मंजुरी) घ्यावा लागतो. पोरं याला कटकट म्हणतात. माझ्या मते कमी इंग्रजीवाल्याला याच्याइतकी चांगली ढाल नाही: तुमचा करार सरकारच्या नजरेखालून जातो, आणि सोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा निघतो, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. ही ढाल चुकवायला एजंट व्हिजिट व्हिसाची वाट दाखवतो, हे लक्षात घ्या. तिकडे अडकलात तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा यूएईतून लागणारा ८००-४६३४२ हा नंबर पाठ असू द्या; १८००-११-३०९० हा भारतातून लावायचा, तो घरच्यांकडे ठेवा.

आपलीच खोली, आपलीच भाषा

कॅम्पमध्ये हिंदीवर वर्षं निघतात. दुबईत ड्रायव्हिंगची लेखी परीक्षासुद्धा हिंदीत देता येते. सोय छान आहे, पण मी तीन वर्षं सातारा-सांगलीच्या खोलीत राहिलो आणि माझं इंग्रजी होतं तिथेच राहिलं. चौथ्या वर्षी दोन फिलिपिनो आणि एका नेपाळ्याबरोबर खोली मिळाली. मीठ मागायलाही इंग्रजी लागायचं. सहा महिन्यांत टूलबॉक्स टॉकमध्ये (कामाआधीच्या सेफ्टीच्या बैठकीत) मी प्रश्न विचारायला लागलो. जेवणाचे हाल झाले, ते वेगळं.

फोनवरचा इंटरव्ह्यू

समोर माणूस असेल तर हातवारे चालतात, फोनवर नाही. तीन वाक्यं पाठ करा, बस: “स्लोली प्लीज, सर.” “माय इंग्लिश इज बेसिक, माय वेल्डिंग इज गुड.” आणि “प्लीज सेंड ऑन व्हॉट्सॲप.” जे कळलं ते स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवा: “मंडे, टेन ओ’क्लॉक, मुंबई ऑफिस, ब्रिंग पासपोर्ट. करेक्ट?” बायकोला किंवा मित्राला आपल्या जागी बोलायला लावू नका. एकाने लावलं होतं, निवडही झाली, आणि ट्रेड टेस्टला (हातकामाच्या परीक्षेला) आवाज बदललेला पाहून साहेबाने तिथूनच परत पाठवला.

आणि वेळ. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे भोसरीत साडेअकरा. दहाच्या कॉलसाठी अर्धी सुट्टी टाकून बसायचं, फोन आला नाही म्हणून अकराला शॉपमध्ये परतायचं, आणि साडेअकराला ग्राइंडरच्या आवाजात ‘हॅलो, हॅलो’ करायचं, असं दोघांचं झालंय. कॉल ठरवतानाच विचारा: “दुबई टाइम ऑर इंडिया टाइम?”