ट्रेलसाठी मोटोक्रॉस की एंड्युरो? डर्ट बाइक घेताना या चुका टाळा

डर्ट बाइक, म्हणजे कच्च्या वाटेवर चालवायची गाडी, घ्यायची म्हटलं की नव्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पॉवर किती आहे?" माझ्या मते आधी दुसरंच काही विचारायला हवं. तुमच्या वाटेवरच्या सगळ्यात अडचणीच्या जागी, जिथं गाडी माणसाच्या चालीनं चढवावी लागते, तिथं ती न कुरकुरता चालेल का? सह्याद्रीतल्या दगडगोट्यांच्या वाटांवर बराचसा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जातो. गाडी त्या वेगासाठी निवडायची असते.

मोटोक्रॉसची बाइक ट्रेलवर नेणं

ही चूक बघून बघून मी खरंच थकलोय. मोटोक्रॉस बाइक वाईट नसते, ती एकाच कामासाठी बनलेली असते. जागतिक मोटोक्रॉस स्पर्धेतली एक शर्यत म्हणजे 30 मिनिटं आणि वर दोन फेऱ्या, तीही बंद ट्रॅकवर. म्हणून तिला हेडलाइट नाही, साइड स्टँड नाही, टाकी साधारण 6-7 लिटरची. गाडी सतत पळत असल्यामुळे रेडिएटरला वारा मिळतोच, त्यामुळे बहुतेक मॉडेलना पंखा नसतो. गिअर सहसा पाच, एकमेकांच्या जवळ जवळ, आणि पहिला गिअर लांब, म्हणजे पहिल्यातही गाडी फार हळू चालत नाही.

एंड्युरो म्हणजे लांब पल्ल्याची, खडतर वाटांवरची स्पर्धा. तिच्या बाइकचं तसं नाही. 1913 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेली सहा दिवसांची स्पर्धा आजही होते आणि ती पूर्ण करायची तर एकच गाडी सहा दिवस टिकवावी लागते. मधले टप्पे सार्वजनिक रस्त्यांवरून जातात. दिवा, स्टँड, मोठी टाकी, सहा गिअर, त्यातला पहिला छोटा, हे सगळं त्या गरजेतून आलंय.

ओळखीतल्या एका मुलानं सेकंडहँड 250 सीसी फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस घेतली. सौदा चांगला होता आणि गाडी दिसायलाही देखणी. एप्रिलमध्ये आम्ही पानशेतच्या पलीकडे गेलो. गावकऱ्यांना विचारून त्यांच्या गायरानातून वर जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटेला लागलो. सपाटीवर तो सगळ्यांच्या पुढे होता. चढ लागला, दगड सुटे झाले आणि त्याचा पहिला गिअर त्या चढाला जास्तच वेगवान पडायला लागला. वेग कमी ठेवायचा तर क्लच अर्धा दाबूनच चालवावं लागत होतं. क्लच सोडला की गाडी एकतर बंद पडायची, नाहीतर पुढचं चाक उचलायची. दर दहा-वीस फुटांवर तेच. थोड्या वेळात क्लच प्लेटचा जळका वास आला आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) उकळून बाहेर पडायला लागलं.

तो उतरून थेट रेडिएटरची कॅप उघडायला निघाला. मी त्याचा हात धरला. गरम रेडिएटरची कॅप उघडली की उकळतं पाणी अंगावर येतं, हे विकणाऱ्यानं त्याला सांगितलंच नव्हतं. गाडी टेकवायला स्टँड नाही, म्हणून ती बांधाला लावून सावलीत बसलो. निवल्यावर पाणी भरलं, पण वर जायचं सोडून दिलं. खाली येईपर्यंत अंधार पडला. दिवा नसल्यामुळे पुढे एक आणि मागे एक गाडी ठेवून, मध्ये त्याला घेऊन गावापर्यंत आणलं. सोबतीला हेडलाइटवाल्या गाड्या होत्या म्हणून हे निभलं. एकटा असता तर?

यावर पटकन उत्तर येतं, "मग पंखा बसवू, मोठी टाकी लावू, इंजिन पटकन बंद पडू नये म्हणून जड फ्लायव्हील घालू, मागं 19 ऐवजी 18 इंची चाक टाकू." सगळं होतं. पण एवढा खर्च करूनही गिअरबॉक्स मोटोक्रॉसचाच राहतो. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) एक दात कमी केलं की पहिला गिअर थोडा आटोक्यात येतो, पण बाकीचे गिअरही तेवढेच आखूड होतात. हा शॉर्टकट मला पटत नाही.

सस्पेन्शनला न मोजता हात लावणं

मोटोक्रॉसचं सस्पेन्शन उंच उडीवरून उतरायला कडक ठेवलेलं असतं. तेच दगडांवर हळू चालवलं की चाक दगड गिळत नाही, बाजूला उडतं आणि हात भरून येतात. मग लोक क्लिकर (सस्पेन्शन कडक-मऊ करायचे स्क्रू) फिरवत बसतात. आधी सॅग मोजा, म्हणजे तुम्ही बसल्यावर गाडी मागून किती दबते ते. मागचं चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग हेल्मेट, बूट असं सगळं अंगावर घालून गाडीवर बसा आणि पुन्हा घ्या. फुल साइझ बाइकला सुमारे 300 मिमी ट्रॅव्हल (चाकाची वरखाली हालचाल) असेल तर फरक साधारण 100 मिमी यावा. मोजायला दुसरा माणूस लागतो, आणि त्याचाच लोकांना कंटाळा. साठ किलोच्या मुलाला प्रीलोड (स्प्रिंगवर आधीच दिलेला ताण) पूर्ण सैल करूनही तेवढा सॅग मिळाला नाही, तर स्प्रिंग त्याच्यासाठी कडक आहे. तो बदलावाच लागतो, क्लिकर फिरवून उपयोग नाही.

सीटची उंची कागदावर बघणं

250 मोटोक्रॉसची सीट सुमारे 950 मिमी असते, कावासाकी केएलएक्स 230 ची 880. सत्तर मिमीचा हा फरक उतारावर पाय टेकताना कळतो. बसून बघा, तेही बूट घालून.

तासांचा हिशोब न विचारणं

या गाड्यांचं वय किलोमीटरमध्ये नाही, इंजिनाच्या तासांत मोजतात. तेल आणि पिस्टन तासांवर बदलतात. अवर मीटर नसेल आणि मालक "फार चालवलीच नाही" एवढंच सांगत असेल, तर मी ती गाडी घेत नाही.

पहिलीच गाडी थेट रेसची घेणं

स्पर्धेची एंड्युरोसुद्धा नवख्याला जड जाते, तिचीही देखभाल तासांवर चालते. हिरो एक्सपल्स 200 4व्ही वजनानं भारी आहे, पण पुढं 21 आणि मागं 18 इंची चाकं आहेत, उकळायला रेडिएटर नाही आणि सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात. तिच्यावर एक पावसाळा काढा. घाई कसली आहे?

कागदपत्रं शेवटी बघणं

फक्त ऑफ-रोड वापरासाठी विकलेल्या बाइकची आरटीओत नोंदणी होत नाही. नंबर प्लेट नाही म्हणजे घरापासून ट्रेलपर्यंतसुद्धा ती चालवत नेता येत नाही, पिकअपमध्येच घालावी लागते. त्या भाड्याचा खर्च गाडी ठरवतानाच धरा. नोंदणी असली तरी राखीव जंगलात आणि अभयारण्यात परवानगीशिवाय गाडी घालणं गुन्हा आहे. निघण्याआधी जमीन कोणाची आहे ते गावात विचारा आणि ज्याची असेल त्याची परवानगी घ्या.