निकालावर लिहायचं तर आधी शेवटचं पान उघडा

निकालावर टिपण लिहायला बसलेला नवा विद्यार्थी पहिल्या पानापासून वाचत जातो आणि चाळीसाव्या परिच्छेदापर्यंत दमतो. उलटं करा. न्यायालयाने नेमका काय आदेश दिला ते शेवटी असतं. ते आधी वहीत उतरवा, मग कारणं शोधत मागे या.

कुलभूषण जाधव प्रकरण घ्या. 17 जुलै 2019 च्या निकालात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानने वकिलाती संबंधांवरच्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 चा (अटकेतल्या परदेशी नागरिकाला त्याच्या देशाच्या वकिलातीशी संपर्क देण्याचा) भंग केल्याचं 15 विरुद्ध 1 मतांनी ठरवलं. शिक्षा रद्द करा, सुटका करा, भारतात पाठवा, या मागण्या मात्र मान्य झाल्या नाहीत. परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका, एवढाच आदेश. 'भारत जिंकला' एवढ्यावर थांबलेलं टिपण म्हणूनच अर्धवट.

औरंगाबाद खंडपीठाचे आदेश वाचताना 'रूल' हा शब्द हमखास फसवतो. 'रूल' म्हणजे याचिका सुनावणीसाठी दाखल करून घेतली. मंजूर झाली की 'रूल अ‍ॅब्सोल्यूट', फेटाळली की 'रूल डिस्चार्ज्ड'. सुनावणीत न्यायमूर्ती जे तोंडी बोलले ते आदेशात नसेल तर आदेश म्हणून लिहू नका, पेपरात चार कॉलमी मथळा आला असला तरी.

मराठवाड्यातल्या माणसाला सरावासाठी जायकवाडीपेक्षा चांगला विषय नाही. ऑक्टोबर आला की वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा वाद तापतो आणि 'जायकवाडीत 65 टक्के साठा हवा, असं कायद्यात लिहिलंय' असं ठोकून दिलं जातं. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाचं कलम 12(6)(सी) काढून बघा. त्यात 65 नाही. खरिपाचा वापर धरून उपलब्ध पाण्याची टक्केवारी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत साधारण सारखी राहील असं नियंत्रण करा, एवढंच तिथं आहे. 65 टक्क्यांचा आकडा गोदावरी खोऱ्यातलं पाणीवाटप सुचवणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या कोष्टकातून प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशात आला. फरक बारीक वाटतो, पण सगळा युक्तिवाद त्यावर फिरतो: आकडा बदलायला प्राधिकरणाकडे जाता येतं, कलम बदलायला विधिमंडळच लागतं. धोरणावर लिहिताना प्रत्येक आकड्यापुढे तो कायद्यातला, नियमातला, आदेशातला की समितीच्या अहवालातला, हे पेन्सिलीने लिहून ठेवा.

एका निकालात अनेक मुद्दे असतात आणि प्रत्येकाचं आयुष्य वेगळं असतं. मराठा आरक्षणाचा 2018 चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2021 ला रद्द केला, त्यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं. मागास प्रवर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार 102 व्या घटनादुरुस्तीने गेला का, यावर मात्र 'गेला' असं 3 विरुद्ध 2 मतांनी ठरलं. हा दुसरा मुद्दा त्याच वर्षी राज्यांना तो अधिकार परत देणाऱ्या 105 व्या घटनादुरुस्तीने निकालात निघाला, पहिला नाही. 'तो निकाल आता लागू नाही' असं सरसकट लिहिणाऱ्याने दोन मुद्दे एकाच गाठोड्यात बांधलेले असतात.

विशेष अनुमती याचिका कारण न देता फेटाळली म्हणजे 'सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब' होत नाही. फक्त अपिलाची परवानगी नाकारली, एवढाच त्याचा अर्थ.

संदर्भ देताना तटस्थ उद्धरण क्रमांक (न्यूट्रल सायटेशन, म्हणजे न्यायालयाने स्वतः निकालाला दिलेला क्रमांक) वापरा. शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, तरी खंडपीठाच्या क्रमांकात 'एयूजी' हीच अक्षरं दिसतील. शेवटी 'डीबी' असेल तर निकाल दोन न्यायमूर्तींचा.

वस्तुस्थितीला दीडशे शब्द पुरेत. बाकी जागा कारणांना द्या, आणि टिपण पाठवायच्या दिवशी सकाळी प्रकरणाची ऑनलाइन स्थिती पुन्हा तपासा. कालच वरच्या न्यायालयाची स्थगिती आली असेल तर पहिलं वाक्यच बदलावं लागतं.