आजीचे बोल जपून ठेवताना

‘तुमचे आयुष्य सांगा’ म्हटले की वडीलधारी माणसे गप्प होतात. त्याऐवजी कापूस वेचणीची धांदल ओसरल्यावर, दुपारी ओसरीवर बसून, हातात जुना अडकित्ता देऊन ‘हा कोणाचा?’ एवढेच विचारावे आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रण सुरू ठेवावे. आजी ‘दुष्काळाच्या साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी’ असे सांगते. ते साल १९७२ असल्याची खात्री शेजारच्या म्हाताऱ्यांकडून करून घ्यावी. तिचे वऱ्हाडी शब्द मात्र प्रमाण मराठीत बदलू नयेत, कारण माझ्या मते तो बोलच खरा ठेवा आहे. पणजोबांची जन्मनोंद जुन्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, सापडू शकते. नकलेसाठी तहसील कार्यालयात चौकशी करावी. फोटोंच्या मागे नावे मऊ पेन्सिलीने लिहावीत. ध्वनिमुद्रणाची एक प्रत बहिणीच्या घरीही ठेवावी.