डॅशबोर्ड शिकताय? आधी एक ओळ म्हणजे काय ते विचारा

बी.कॉम. करून डेटाच्या कामात शिरलो तेव्हा डॅशबोर्ड, म्हणजे एका पडद्यावर मांडलेले आकडे आणि आलेख, हे निव्वळ रंगकाम असंच मला वाटायचं. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिला डॅशबोर्ड तीन आठवडे खपून केला, चांगले चौदा आलेख. महिन्याच्या मीटिंगला अकाउंट्समधल्या काकांनी तो दोन मिनिटांत झोपवला. "वाहतुकीचा खर्च एवढा? टॅलीत तर नाहीये रे."

काका बरोबर होते. पुढचं सावकाश वाचा, माझ्या दोन रात्री यात गेल्यात.

माझ्याकडे दोन तक्ते होते. बिलांच्या तक्त्यात एका बिलाची एक ओळ, त्यातच वाहतूक खर्च. मालाच्या तक्त्यात बिलातल्या प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ. मी बिल नंबर जुळवून दोन्ही मर्ज केले, म्हणजे त्यांचा एकच तक्ता केला. समजा बिलात पाच वस्तू आहेत आणि वाहतूक १,५०० रुपये. मर्ज केल्यावर ते १,५०० पाचही ओळींत उतरतात आणि बेरीज होते ७,५००. एकाच वस्तूचं बिल असेल तर आकडा बरोबर. विक्रीची बेरीजही बरोबर, कारण ती मालाच्या ओळींतूनच येते. त्यामुळे संशयच येत नाही. एरर नाही, काही नाही. चुकीचा आकडा ऐटीत बसलेला असतो.

मग मर्ज न करता तक्ते वेगळे ठेवून त्यांच्यात बिल नंबराचा नुसता दुवा, म्हणजे रिलेशनशिप, जोडली. सुटलो म्हणेपर्यंत सेल्सवाल्यांनी वस्तूनिहाय वाहतूक मागितली, तर प्रत्येक वस्तूसमोर तोच पूर्ण आकडा! साहजिक आहे, खर्च बिलाचा आहे, वस्तूचा नाही. तो वजनावर वाटायचा की किमतीवर, हे धंदा चालवणाऱ्यांनी ठरवायचं. तुम्ही मनाने वाटलात तर मेलात. विचारा आणि उत्तर मेलवर घ्या.

आता पॉवर बीआय उघडण्याआधी प्रत्येक तक्त्यापुढे कागदावर लिहितो, 'एक ओळ म्हणजे काय'. मर्ज करावंच लागलं तर आधीच्या आणि नंतरच्या ओळी मोजतो. एका महिन्याची बेरीज टॅलीशी जुळल्याशिवाय एकही आलेख काढत नाही. यात अर्धा दिवस जातो. माझे तीन आठवडे गेले होते.

आलेख किती हवेत? ज्यांच्यासाठी करताय त्यांना विचारा, "हा आकडा पडलेला दिसला तर सोमवारी काय कराल?" "माहिती असावी म्हणून" असं उत्तर आलं की तो आलेख काढून टाका. माझ्या चौदांतले चार उरले, आणि काढून टाकलेल्या दहांची कुणी आठवणही काढली नाही.

तयार टेम्प्लेटच्या नादी लागू नका, तो दुसऱ्याच्या मापाचा सदरा. पैसे घेऊन 'मेंटॉर' होणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे, कदाचित जरा जास्तच वाईट. ऑफिसातला जुना अकाउंटंट चहाच्या कपात जास्त शिकवतो.

घाबरू मात्र नका. डॅक्स, म्हणजे पॉवर बीआयची सूत्रं लिहायची भाषा, कच्चं असलं तरी चालतं, माझं अजूनही कच्चंच आहे. एवढं लक्षात ठेवा, वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज देणारं त्यातलं टोटलवायटीडी हे सूत्र स्वतःहून ३१ डिसेंबरला वर्ष संपवतं. आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, ते त्याला सांगावं लागतं. हेही काकांनीच पकडलं.